हासून भेटा म्हने!

— बकरीले हानू नका, पास्टरसाहेब. तुमीच तिच्या जाग्यावर बसले. दिवसा थे बाज तिचीच असते. सरका जरासे — हां. नाई नाई, तुमचं सारं ऐकलं मी, नीट ऐकलं. वर्षा आटोतून उतरली का या हंसाबाईनं हात जोडायचे, हासायचं अन् म्हनायचं, प्रभूची स्तुती असो. गळ्यात पडायचं नाई, सूर काढायचा नाई. अन् काढला तं येत्या आयतवारचा माहा बाप्तिस्मा राह्यला. बराबर? हासून भेटा म्हने! सोताच्या पोरीले, दोन वर्सानं!

तुमी नागपूरचे, शामभाऊ, तुमाले आमच्या तांड्यातलं कोन सांगन? आमी बंजाऱ्याच्या बाया, लय दिवसानं भेटलो का पहिले एकमेकीच्या गळ्यात पडतो अन् सुरात रडतो. रडता रडताच सारं सांगतो — कोन गेलं, कोन जन्मलं, मले कोन काय म्हनलं, म्हैस कवा आटली. सांगून झालं का डोळे पुसतो अन् चहा मांडतो. जे रडली नाई, तिनं नातं तोडलं, असंच समजतेत. वर्षाची सासू दुसरं काय म्हनते? तुही याडी, म्हंजे माय हो, प्रार्थनेत गेली, आता थे तुही राह्यली नाई, कायले जातं तिच्या दारी? दोन वर्सं पोरगी धाडली नाई त्या बाईनं, फोनवर बी बोलू देली नाई. आता जावयानं निरोप धाडला का वर्षा येऊन राह्यली — पन सासू संग हाय, माय रडते का नाई थे पाहाले! अन् मी दात दाखवू? थे बाई पोरीले त्याच आटोत बसवून माघारी नेईन. मंग तुमी येसान का माह्यासंग तिच्या दारात, स्तुती कराले?

काय? समाधानी मानसाले रडू कायले येते? — घ्या! तेच तं वांधं झालं ना बाप्पा. सकाळी चुलीपाशी बसून सूर लावून पाह्यला, म्हनलं गळा मोकळा करून ठेवाव. दोन बोल झाले अन् पुढं सांगाले काईच नाई! जेठानीचा राग होता बारा गावचा — थो कुठं गेला कोन जाने. माह्या नवऱ्यानं, रामसिंगनं, चार लोकांत मले नावं ठेवली होती, थे आठवून पाह्यलं — तं हासूच आलं. शेवटी गुडघ्याच्या नावानं रडली, तं रामसिंग म्हने, चाल दवाखान्यात. गुडघा हाय तसाच हाय, बरं का. तुमच्या प्रार्थनेच्या शेडात लंगडे नाचले, मुके गाऊ लागले, माहाच तेवढा गुडघा प्रभूले दिसला नाई. म्या काई मनावर घेतलं नाई, त्याच्याकडे गर्दी बी लय असते.

मंग समाधान कायचं म्हनता? साक्ष पाहिजे ना तुमाले? ऐका मंग, पन हे सभेत सांगाजोगं नाई. माही याडी वारली तवा आमी ऊसतोडीले गेलतो, दूर, कारखान्याकडे. मुकादमानं सोडलं नाई. मी आली तवरोक साऱ्या बायाइचं रडून झालं होतं, पाहुने उठून गेलते. कोनाच्या गळ्यात पडू? खांबाच्या? थे रडनं अडकलं ना, इथं, गळ्याखाली — भाकरीचा घास बी त्याच्यावरून चढून उतरे. असे कित्येक वर्सं गेले. मंग एकदा घाटंजीच्या बाजारात कोनी म्हनलं, चाल, त्या टिनाच्या शेडात गुडघे बरे होतेत. गेली. तुमी म्हनलं, डोळे मिटा, प्रभू आपला मानूस हाय असं समजून बोला. आपला मानूस! लय दिवसानं भेटलेला! मंग आमी काय करतो? जे जवळ होती तिच्याच गळ्यात पडली — थे तुमची बायको, मले काय मालूम — अन् काढला सूर. पेटीवाला थांबला. कोनी म्हने भूत हाय, कोनी डोक्यावर तेल ओतलं, तुमी सोता वरडून राह्यले होते, निघ, निघ! मी कायले निघतो? माह्या याडीचं सांगनं अर्ध्यावर होतं. अन् तुमची बायको, शिकेल बाई बिचारी, थे बी लागली ना रडाले. तिची माय गेली तवा तुमी तिले म्हनलं होतं, रडू नको, लोकं पाहून राह्यले. — कोनी सांगतलं म्हनजे? तिनंच. गळ्यात पडल्यावर बाई काई लपवते का?

नाई, नाई, खाली नका पाहू. तुमाले टोचाले नाई सांगतलं, निंघून गेलं तोंडातून. माहं म्हननं एवढंच का त्या दिवशी मले वाटलं, कोनीतरी शेवटपर्यंत ऐकलं, मधीच उठून गेलं नाई. हेच माहं समाधान. दुसरी प्रार्थना मले येत नाई, साहेब. बाप्तिस्मा राह्यला तं वाईट वाटन, लय वाईट वाटन, खोटं कायले सांगू — पांढरं लुगडं बी घेऊन ठेवलं. पन ज्या रस्त्यानं थो प्रभू माह्यापाशी आला, थोच बंद कर म्हनता तुमी!

थांबा — आटोच ना थो? थोच हाय. पाहा, सासू पहिले उतरली, हात कमरेवर. अन् थे वर्षा — काहून इतकी वाळली थे? अन् कडेवर थे काय — लेकरू? पास्टरसाहेब, लेकरू हाय हो तिच्या कडेवर! कवा झालं? चांगलं बसतं झालं, मान धरते — मले कोनी सांगतलं बी नाई! मी नानी झाली अन् मले कोनी —

उठा. उठा बाजेवरून. बकरीले धरा अन् मांगच्या दारानं निघा, शामभाऊ. बाप्या मानसाईचं काम नाई आता इथं. — चहा? चहा रडून झाल्यावर असते.