पाती आणि खुंट्या

(कापूरहोळ फाटा. दिलावरचं चपला-बूट दुरुस्तीचं दुकान. फुटबॉलची निवड चाचणी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार.)

दिलावर : पडलास तू, आणि जाब बुटाला विचारतोस. इतकी वर्षं हे दुकान चालवतोय, अजून एकही बूट स्वतःच्या मनानं घसरलेला बघितला न्हाई.

मतीन : चाचा, मस्करी नको. एवढंच सांगा, तळाला चपटी पाती असलेला हा बुटांचा जोड मला का दिलात?

दिलावर : मागितलास म्हणून. “मैदान तव्यागत कडक हाय, तळाच्या गोल खुंट्या रुतायच्या न्हाईत, पातीच पाहिजेत.” ह्याच स्टुलावर बसून कोण बोललं?

मतीन : ते हनम्यानं सांगितलं होतं. मला गॅरेजातनं सुट्टी न्हाई. तो हिर्डोशीहून एसटीनं येतो, भोरचं मैदान त्याच्या वाटेवर. म्हटलं, उतरून बघ आणि कळव. त्यानं गॅरेजाशेजारच्या धाब्यावर फोन केला. कडक हाय म्हणाला.

दिलावर : आणि निघालं कसं?

मतीन : वर पापुद्रा, खाली लोणी. पहिल्याच धावेत पात्यांच्या फटी चिखलानं भरल्या. दोन पायांना दोन भाकरी बांधल्यागत. बॉल पुढं, मी आडवा. निवड करणारे आनंदराव सर एकदाच माझ्याशी बोलले. लागलं का म्हणून.

दिलावर : चला, विचारपूस तरी झाली.

मतीन : निवड होऊन शिबिराला गेलो असतो तर पुण्यात कंपनीच्या संघात लागलो असतो, चाचा. आता हायेच टायर आणि पंक्चर बघायचा पाण्याचा टब. हनम्याचीही चूकच झाली म्हणा. वरनं वाळलेलंच दिसत असणार.

दिलावर : मतीन, त्याचं घर भाताचं. खाचरात पाय घातला की सांगतो, अजून किती पाणी सोडायचं. त्याला मैदान कळलं न्हाई?

मतीन : घाईत असेल.

दिलावर : घाईत होताच. तुझ्या आधी हितं आला. “चाचा, वरनं वाळलंय, पन टाच दाबली की पानी येतंय,” म्हणाला आणि खुंट्यांचा जोड घेऊन गेला.

मतीन : ...मला म्हणाला, मामेभावानं दिले.

दिलावर : मग त्याचा मामेभाऊ मी. त्याच्या मामाला कळवायला पाहिजे.

मतीन : तुम्हाला ठाऊक होतं, मैदानात पाणी हाय. तरी मला पाती दिलीत?

दिलावर : अरे, लहानपणापासून तुम्ही दोघं एकाच जोडावर खेळलात. अर्धी मॅच तू, हाफटाईमला बदलून अर्धी तो. सगळ्या तालुक्याला पाठ हाय. म्हणून तर दोन्ही जोड एकाच मापाचे आणले. मला वाटलं, एकानं खुंट्या घ्यायच्या, एकानं पाती, आणि मधे बदलायचे. ठरवूनच आला असाल. बदलले न्हाईत?

मतीन : न्हाई.

हनुमंत : चाचा, हाय का दुकानात? लई गडबड हाय. शिबिराचं मैदान भाजल्यागत कडक हाय म्हनत्यात, तवा पात्याचा जोड... अरं, मतीन. तू हितं?

दिलावर : या, हनुमंतराव. पात्याचा जोड होता. तुमच्याच शिफारशीनं गेला. हा बघा, तुमच्या समोर चिखल वाळत घातलाय.

हनुमंत : मतीन, म्या तुला भेटायला येनारच व्हतो.

मतीन : पाती मिळाल्यावर?

हनुमंत : तसं न्हाई रं.

मतीन : टाच दाबली होतीस का, हनम्या?

हनुमंत : कुठं रं?

मतीन : मैदानात. टाच दाबून बघितली होतीस का?

हनुमंत : व्हय.

दिलावर : मी चहा सांगून येतो.

मतीन : बसा चाचा. तुमच्यासमोरच होऊ द्या. कडक हाय असं का सांगितलंस?

हनुमंत : सरांनी म्हनलं, भोर-वेल्ह्यातनं एकच पोरगा घेनार. येकच. तू माझ्यापरीस चांगला खेळतोस, हे मला बी ठावं, सरांना बी ठावं. तुझ्याम्होरं माझा नंबर कसा लागायचा?

मतीन : मला म्हणायचं होतंस. आलोच नसतो मी. पाय मुरगळला म्हणून घरी बसलो असतो.

हनुमंत : तेच की. बसला असतास. तुला वळखतो म्हनूनच बोललो न्हाई. मंग जलमभर समद्यांनी म्हनलं असतं, मतीननं सोडलं म्हनून हनम्या गेला.

मतीन : आता काय म्हणतील?

हनुमंत : आता कुनालाच ठावं न्हाई.

दिलावर : मला हाय. पण माझं दुकान फाट्यावर, हितं कुणी थांबून ऐकत न्हाई.

मतीन : तुझ्या पायात खुंट्या बघितल्या तवा मला राग आला नव्हता. बरंच वाटलं. म्हटलं, पहिला हाफ गेला तर गेला, दुसऱ्यात बघू. शिट्टी झाली, तशी मी कडेला लेस सोडून बसलो.

हनुमंत : म्या बघितलं व्हतं.

मतीन : बघितलंस?

हनुमंत : व्हय. म्हनून तिकडच्या बाजूला पानी प्यायला गेलो.

मतीन : शिट्टी परत झाली, तरी मी सोडलेल्या लेसनं बसलेलो. सरांना वाटलं, ह्याला खेळायचंच न्हाई.

हनुमंत : मतीन, ह्या खुंट्या घे. चाचा, पिशवीत हायेत, धुऊन आनल्यात. घे तू. तुझ्याकडंच ठेव.

मतीन : हाफटाईमला घेतल्या असत्या.

हनुमंत : मंग पाती नकोत मला. जाईन मी खुंट्यांवर.

दिलावर : भाजलेल्या मैदानावर खुंट्या? पहिल्या दिवशी टाचेला फोड, दुसऱ्या दिवशी हिर्डोशीची एसटी.

मतीन : घेऊन जा ही पाती. गॅरेजात काय करू त्यांचं? फटीतला चिखल तेवढा काढ. भोरचाच हाय, पुण्यात नेऊ नको.

हनुमंत : मतीन...

मतीन : एसटी निघेल तुझी.

हनुमंत : येकदा घालून बघू का?

मतीन : बघायचं काय त्यात? तुझं-माझं माप एकच. तेवढं तरी खोटं न्हाई निघालं.