कागदाचं तोंड वर

— नाही नाही, ‘का’ ते विचारायचं नाही. अहो, तुम्हाला नाही म्हणत, तुम्ही खुशाल विचारा, तुम्ही गिऱ्हाईक आहात — इथे दुकानात, भेटी बांधायच्या टेबलावर, मला सांगितलंय तसं. पहिल्याच दिवशी, एप्रनची गाठसुद्धा बांधली नव्हती मी. आनंदाच्या भेटीला कागदाचं तोंड वर, दुःखाच्या भेटीला तोंड खाली, आणि का ते विचारायचं नाही. त्या टोकाला बघा, चष्म्याला साखळी आहे त्या — इगाराशीसान. मी जन्मायच्या आधीपासून याच टेबलामागे उभ्या आहेत. आणि त्यांच्या बाजूला रिबिनी गुंडाळतायत त्या काझामासान, त्या इगाराशीसानचं शेवटचं वाक्य परत म्हणतात. मी पहिल्या दिवशी विचारलं, का? इगाराशीसान म्हणाल्या, ‘‘असंच असतं.’’ काझामासान म्हणाल्या, ‘‘असंच असतं.’’ झालं. शिक्षण संपलं. चार वर्षं कॉलेजात मला सगळे सांगत होते की प्रश्न विचारा, प्रश्न विचारा, आणि इथे खोकी बांधायला आले तर प्रश्नालाच बंदी.

द्या इकडे तो खोका. वाडगा ना? बघू का? — बाई गं, काय सुरेख निळा आहे! हा जोडीत येतो ना, नवऱ्याला मोठा निळा, बायकोला छोटा लाल? सुटा घेतलात? वरच्या मजल्यावर दिला तुम्हाला सुटा? मग भावासाठी असणार. नाही? बहिणीला? अहो, पण हा पुरुषांच्या मापाचा — मुद्दाम? मुद्दाम मोठा! बरं बरं, मी काही म्हणत नाही, मला आवडलं, भात काय पुरुषांनाच लागतो? आमच्या घरी आईचा वाडगा एवढासा, चिमणीचा, आणि सगळ्यात शेवटी जेवायची तीच, तळाचा करपलेला भात. जाऊ दे. बघा, खोका असा तिरका ठेवायचा, कागदाच्या कोपऱ्यावर. हा कोपरा उचलायचा, मग खोकाच लोळवायचा, कागद नाही ओढायचा. सगळं तिथेच चुकतं. मी पहिले काही दिवस कागद ओढत होते, आणि माझी खोकी अशी दिसायची, जणू कुणीतरी त्यांच्यावर झोपून उठलंय. इगाराशीसान काही बोलायच्या नाहीत. नुसत्या उलगडायच्या आणि नवा कागद द्यायच्या. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं.

मग मी घरी सराव करायला लागले. खराब झालेले कागद नेऊ देतात. अहो, वेड लागलं मला! शब्दकोश बांधला, बाबांचा जेवणाचा डबा बांधला, साबणाची वडी, घड्याळ, एक अख्खा मुळा बांधला — मुळ्याला कोपरे नसतात, मुळा फार अवघड. टीव्हीचा रिमोट बांधला. बाबा सकाळी उठून म्हणतात, ‘‘रिमोट कुठे गेला?’’ मी म्हटलं, टेबलावर अकरा पुडकी आहेत, त्यातल्या एकात. बाबा म्हणाले, ‘‘पदवी घेतलेली मुलगी पुडकी बांधते आणि बाप पुडकी फोडतो.’’ आई इतकी हसली की भांडी घासता घासता खालीच बसली. आईला हसताना मी फार बघितलेलं नाही. म्हणजे हसायची, पण हातानं तोंड झाकून. त्या दिवशी हात साबणाचे होते.

तर ते तोंड. सांगते ना, थांबा. हे बघा, शेवटचा कोपरा पाठीमागे असा येतो, आणि इथे खिशासारखी फट राहते — घाला बोट, घाला, काही होत नाही. लागलं? हेच ते तोंड. आता सांगायचं कुणी नाही म्हटल्यावर मी काय करणार? मी घरी भाजलेले सोयाबीन घेतले आणि त्या फटीत ओतले. खोका उभा धरला, तोंड वर — सोयाबीन आतच. उलटा केला, तोंड खाली — टपटपटपटप, सगळी चटई सोयाबीन! आणि मी किंचाळले, अगं आई, कळलं! आनंदाचं तोंड वर, कारण आनंद आत साठून राहायला हवा. दुःखाचं तोंड खाली, कारण दुःख सांडून जायला हवं! एवढंच! एवढं साधं, एवढं गोड कारण आहे आणि या बायका ते सांगत नाहीत! की त्यांनाही माहीत नसेल? मला दाट संशय आहे की त्यांनाही माहीत नाही. त्यांनीही कुणाला तरी विचारलं असणार आणि कुणीतरी म्हटलं असणार — बरोबर, ‘असंच असतं.’

आई सोयाबीन वेचत होती. वेचता वेचता थांबली आणि म्हणाली, ‘‘मला शिकव.’’ मी म्हटलं, काय? ‘‘हे. दोन्ही. वरचंही आणि खालचंही.’’ आणि शिकली की! माझ्यापेक्षा लवकर शिकली, तिचे हात ना, पाण्यासारखे फिरतात. पहिल्यांदाच कडा अशी आली, सुरीसारखी. मी म्हटलं, आई, तूच ये माझ्याऐवजी कामाला. तर म्हणाली, ‘‘बघू.’’ आईचं ‘बघू’ म्हणजे नाही, असं मी जन्मभर समजत आले होते.

मी फार बोलते ना? आज जरा जास्तच बोलतेय. आज मला — कसं सांगू — पोटात फुगे आल्यासारखं होतंय. सकाळी फोन आला आईचा. ती तिकडे उत्तरेच्या बेटावर आहे, ओतारूला, मावशीकडे. मावशीची खानावळ आहे बंदराजवळ, वर्षअखेरीला गर्दी असते, मदतीला जाते म्हणाली आणि बोटीनं गेली. नाही, इगाराशीसान बघतायत, मी हात चालू ठेवते, तुम्हीही असं दाखवा की आपण कागदाचा रंग ठरवतोय. या आठवड्याअखेर माझी चाचणीची मुदत संपते. मला ठेवायचं की नाही ते त्या ठरवणार. मला हवीय हो ही नोकरी. बाबांना वाटतं मी वेळ घालवतेय, पण माझ्या हातून सरळ कडा निघाली ना, की मला वाटतं जगात निदान एक गोष्ट तरी नीट झाली.

अय्या, विचारायचंच राहिलं! हे विचारावंच लागतं, सक्तीचं आहे: आनंदाची भेट की दुःखाची? वाढदिवस असेल ना? निवृत्ती? नवीन घर? — काय म्हणालात?

घटस्फोट?

बहिणीचा घटस्फोट! किती वय — अडुसष्ट! अडुसष्टाव्या वर्षी! अहो, थांबा, मला हसू येतंय, माफ करा, हे हसण्यासारखं नाही — तुम्हीही हसताय! म्हणून मोठा निळा वाडगा! तुम्ही म्हणजे ना... नाही, मी हळू बोलते. हळूच बोलतेय. ऐकलं वाटतं त्यांनी. काझामासानच्या हातातली रिबिन बघा, जमिनीपर्यंत सुटली.

तुम्हाला एक सांगू? सांगू नको असं बजावलंय मला, पण तुम्ही अशा हसलात की आता राहवत नाही. आई जाताना एक पुडकं ठेवून गेली. बाबांच्या जेवायच्या जागेवर. माझ्या सरावाच्या कागदात, काय कडा, काय कोपरे, इगाराशीसाननी दुकानाच्या काचेत मांडलं असतं असं. बाबा कामावरून आले, ‘‘अरे वा, भेट!’’ उचललं, इकडून तिकडून बघितलं, हलवून बघितलं, आणि टीव्हीवर उभं ठेवलं. म्हणाले, जानेवारीत वाढदिवस आहे, तेव्हा उघडीन. रोज घरी आले की एकदा त्याच्यावरून हात फिरवतात. म्हणतात, ‘‘तुझ्या आईनं एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदा काहीतरी बांधून दिलं.’’ रोज डबा कोण बांधत होतं, हे मी म्हणणार होते. नाही म्हटलं.

आणि आज सकाळी आई विचारते, ‘‘उघडलं का त्यांनी?’’ मी म्हटलं, नाही, वाढदिवसाला उघडणार आहेत. मग म्हणाली, ‘‘तोंड नाही बघितलं का?’’ कसलं तोंड? ‘‘कागदाचं. मी खाली ठेवलं होतं.’’ खाली! दुःखाचं! आत काय आहे माहितीय? तिचा एप्रन. स्वयंपाकाचा, हळदी रंगाचा, धुऊन इस्त्री केलेला. ती परत येत नाहीये हो. तिला ते बोलून दाखवता येईना, तीस वर्षांत बाबांपुढे तिनं एक वाक्य पुरं केलेलं नाही, म्हणून तिनं ते गुंडाळून ठेवलं, नीट, रीतीप्रमाणे, तोंड खाली. आणि बाबांनी उचलून ते उलटं ठेवलं! टीव्हीवर! तोंड वर! मी हे सांगितलं तर आई — आई हसायला लागली. तोंड न झाकता, फोनवरूनही कळतं. मागे मावशी ओरडतेय, काय झालं, काय झालं, आणि आई हसतेय, आणि मीही, बसच्या थांब्यावर, बर्फात, लोक बघतायत. मग म्हणाली, आता माकूळ मासळी साफ करायची आहे, ठेवते. म्हणाली, इथे भात मी आधी घेते.

मला रडायला यायला हवं ना? मला फुगेच येतायत. बाबांचं काय ते येतं मनात. पण तिचं ते हसणं... तुमच्या बहिणीनं कसं सांगितलं हो घरी? सरळ तोंडावर? जेवताना? — आल्या. सरळ उभ्या राहा. येतायत दोघी.

हो, इगाराशीसान. हो, ऐकलं ते बरोबर आहे, घटस्फोटाचीच भेट आहे. यांच्या थोरल्या बहिणीला. नाही, मी चेष्टा करत नाहीये. — ‘‘असल्या गोष्टीला बांधणी नसते’’? का नसते? म्हणजे पिशवीत घालून देऊ? भाजीसारखी? काझामासान, ‘‘पिशवीत घालून दे’’ हे मी ऐकलं, एकदा पुरे. यांनी कागद मागितलाय, पिशवी नाही. बरं, मग तोंड खाली करू? दुःखाचं? ‘‘तसंच म्हणायचं तर खाली’’ — कुणाचं दुःख, इगाराशीसान? जिचा घटस्फोट झाला ती हसतेय, जी भेट देतेय ती हसतेय, दुःख फक्त या टेबलाच्या आपल्या बाजूला आहे. अहो, तुमच्याकडे फोटो असेल ना बहिणीचा, दाखवा ना. दाखवा. हे बघा! गरम पाण्याच्या झऱ्याला, एकटी, केस जांभळे केलेत, आणि दोन्ही हातांत दोन उकडलेली अंडी! ही बाई दुःखात आहे? हिला मी तोंड खाली करून देऊ, म्हणजे हे सगळं सांडून जाईल?

हो, सांडून जाईल. तुम्हाला माहीत नव्हतं? तोंड खाली असलं की आतलं सांडतं, म्हणून ते दुःखाला. तोंड वर असलं की साठतं, म्हणून आनंदाला. मी सोयाबीन ओतून बघितलंय. कुणीही बघावं.

माहीत आहे मला, रविवारी माझं ठरायचंय. माहीत आहे, ठरवणार तुम्ही. मोठमोठ्या घराण्यांच्या लग्नांच्या भेटी तुमच्या हातून गेल्यात, तुमच्यासारखी कडा माझी जन्मात येणार नाही, ते मी खरंच मानते. पण ही भेट मी पिशवीत घालणार नाही. तोंड खालीही करणार नाही. नाही. किंवा असं करा — मला का ते सांगा. एकच कारण द्या. घटस्फोट आनंदाचा का असू शकत नाही, ते सांगा, आणि मी आत्ता, यांच्यासमोर, कागद काढून पिशवीत घालते, आणि वर माफी मागते. सांगा ना. का?

...

काझामासान? तुम्ही काही म्हणत होतात.

...

बरं.

हे बघा, शेवटचा कोपरा. अंगठ्यानं असं दाबत यायचं, मधून बाहेर. चिकटपट्टी एकच लागते, दोन लागल्या तर बांधणी चुकली समजायची. झालं. दोन्ही हातांनी धरा. अशी. तोंड वर, आणि गाडीत ठेवताना उलटी करू नका हं, आणि बहिणीला म्हणावं भात शिगोशीग वाढून घे. मीही संध्याकाळी घरी गेले की पहिल्यांदा टीव्हीवरचं पुडकं खाली काढणार आहे. बाबांच्या हातात देणार, त्यांच्यासमोर बसणार, आणि ते आईनं ठेवलं तसं, तोंड खाली, कसं धरायचं ते दाखवणार.

या तुम्ही, बर्फ वाढतोय. नाही, त्यांच्याकडे नका बघू, इगाराशीसान चष्मा पुसतायत.

पुढे कोण आहे? या ना. आनंदाची की दुःखाची?