खालचा सूर

सून : बाबा, बासचं बटण आधी मधोमध आणा. तुम्ही पार टोकाला नेऊन ठेवलंय.

सासरे : ते तिथेच असतं. बास गिटार वाजवणारा मी, खालचे सूर माझे. बास कमी केलास तर या रेकॉर्डिंगमध्ये मी उरतो किती?

सासू : आत्ता तरी कुठे आहात? जन्मभर ऐकतेय, नुसतं घुं घुं. मला वाटायचं, मागे कुणीतरी गिरणी चालवतंय.

सासरे : बघितलंस? घरचं कौतुक हे असं.

सासू : मग काय करू? तुम्ही गावोगाव वाजवत फिरलात, पोरं माझ्या गळ्यात. एका कार्यक्रमाला येता आलं नाही. माझ्या वाट्याला तुम्ही आलात ते या दोन खोक्यांतून.

सून : आई, खोकी चांगली आहेत, घोळ खोलीचा आहे. मी नाट्यगृहांत स्पीकर लावायची कामं करते ना, तिथेही हेच. मगाशी मी तो आवाज वाजवला, खालून वर चढत जाणारा—

सासू : मध्येच कपाटातल्या बश्या थरथरल्या, तो?

सून : तोच. त्या एका सुराला ही खोली घुमते. बाबांनी तो वाजवला की बाकीचे सूर त्याच्याखाली चेपतात. बास वाढवला की तो आणखीच माजतो.

सासरे : म्हणजे इतकी वर्षं मीच...

सून : तुमच्याच उरावर बसला होतात.

सासू : स्वभावाला धरून आहे.

सून : आता फोनवर बघा. ही इक्वलायझरची रेघ, कुठला सूर किती मोठा ते हिच्यावर ठरतं. इथे एक खड्डा पाडते. अरुंद, त्या सुरापुरता.

सासरे : वाढवायचं काहीच नाही?

सून : अगदी तळाशी, चिमूटभर. जास्त दिलं तर स्पीकर धापा टाकतील.

सासरे : राहू दे गं. घुं घुं गेलं आणि मागे काहीच निघालं नाही, तर? आत्ता निदान म्हणता तरी येतं, आहे पण ऐकू येत नाही.

सासू : तू लाव गं.

(गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.)

सासू : बश्या गप्प आहेत.

सून : हं.

सासू : हे कोण चालतंय?

सून : कुठे?

सासू : गाणारीच्या खाली. ती वर चढतेय आणि कुणीतरी एकेक पायरी उतरतंय... जमिनीतून येतंय, पण जमीन हलत नाही. अहो, हे तुम्ही?

सासरे : मी.

सासू : एवढे सूर होते?

सासरे : होते.

सासू : आणि सगळे वेगवेगळे. काटा आला बघा अंगावर... थांबलात का?

सासरे : तिचा दम संपत आला होता. मी वाजवत राहिलो असतो तर तिला श्वास चोरून घ्यावा लागला असता. आता ती परत उचलेल, तेव्हा मी—

सासू : शू. बोलू नका. वाजवताय तुम्ही.