भुऱ्याले ऊन लागलं तेव्हा

नाई नाई ताई, तिथी पाय नका ठेवू, भुऱ्या झोपला आहे — इकडून या, खुर्चीवर बसा. काय सांगतलं तुमच्या भावानं आरमोरीले येऊन? कूलरपुढं कुत्रा झोपते म्हणून घर सोडलं, असंच न? खोटं नाई बोलला. अर्धं बोलला. मी त्या दिवशी चंद्रपूरले गेल्ती, बहिणीकडं — जातानी सांगतलं, भुऱ्याले सावलीत ठेवजा, पाणी ठेवजा. यानं काय केलं? घरात केस पडते म्हणून गच्चीवर बांधला! मे महिना, गडचांदूरची गच्ची — पापड वाळत नाई, भाजते. मी आली त कुत्र्याच्या तोंडाले फेस, उभा राह्यला न पडला. अन् तुमचा भाऊ? कूलर लावून घोरून राह्यला. भांडली काऊन नाई म्हणता — टाइम कुठी होता? उचलून खाली आणला, पोटावर, पंजांवर माठातलं पाणी टाकलं, पंखा लावला, अन् तसाच ओला ऑटोत टाकून जनावराच्या डॉक्टरकडं. डॉक्टर म्हणे, पाणी टाकून आणला म्हणून वाचला. घरी आली त हा म्हणते, "चहा नाई केला अजून?"

मंग म्या कूलरपुढं पोतं टाकलं. हा म्हणते, "या घरात मी राहीन नाईत कुत्रं राहीन." म्या म्हटलं, भुऱ्याले आरमोरीची बस समजत नाई.

कुत्र्यासाठी कोणी नवरा सोडते का? नाई सोडत ताई. कुत्र्यासाठी नाईच — जाऊ द्या, चहा घ्या. मांगच्या उन्हाळ्यात मलेच ऊन लागलं, तुम्हाले माहीत नाई न? कसं माहीत होईन. आंगणात कपडे वाळू टाकता टाकता पडली. भुऱ्या भुकून राह्यला, भुकून राह्यला — अन् घरातून आवाज, "धुरपता, त्या कुत्र्याले चूप कर!" मलेच सांगून राह्यला होता. मी पडल्या पडल्या ऐकून राह्यली. शेजारची बायनाबाई भुकणं ऐकून आली, तिनं उचललं. तुमचा भाऊ संध्याकाळी उठला.

हे कोणाले सांगतलं नव्हतं. तुम्हाले काऊन सांगतलं, काय माहीत.

रडू नका ताई. निघा आता, ऊन उतरलं, बस भेटून जाईन. त्याले काय सांगू म्हणता? सांगा — धुरपता बरी आहे.

त्यानं इचारलं त.