पाणी न मागितल्याबाबत

दिनांक २४/०३/२०२५

माझे नाव धर्मपाल रेवण तळभंडारे, वय ६४ वर्षे, धंदा सेवानिवृत्त (पूर्वी बस डेपोच्या कार्यशाळेत पत्रा कारागीर), राहणार मिलिंदनगर, बुधवार पेठ, सोलापूर. मोबाईल नंबर पत्नी केसरबाई हिचा दिला आहे, कारण माझा मी उचलत नाही.

मी आज सकाळी साडेदहा वाजता आपण होऊन पोलीस ठाण्यात आलो. मला कोणी बोलावलेले नाही व कोणी शिकवून पाठवलेले नाही. समक्ष सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नीसह राहतो. मला एकच मुलगा, नाव दिपक, वय ३१. तो दिनांक २७/०८/२०२४ रोजी काविळीने वारला. त्याच्या नावाआधी 'मयत' असे लिहावे लागते, असे जबाब घेणाऱ्या हवालदार मॅडमनी सांगितले. तेवढे लिहू नका, अशी मी विनंती केली. मॅडमनी तो शब्द गाळला व पुढे सांगा म्हणाल्या.

मी चौतीस वर्षे बसचा पत्रा ठोकला. निवृत्तीनंतर लोक जुनी गाडी घ्यायला जाताना मला सोबत नेतात. इंजिनातले मला काही कळत नाही. मी फक्त पत्रा बघतो. गाडी कुठे ठोकली होती, कुठे जोडली आहे, हे मी उलट्या हाताची बोटे फिरवून व दाराचे रबर उचलून सांगतो. शोरूमवाल्याच्या तोंडावर सांगितले तर वाद होतो, म्हणून माझी एक रीत ठरलेली आहे. गाडीत काम झालेले सापडले तर मी 'जरा पाणी मिळेल का' असे विचारतो. घेणारा समजून जातो. मग तो भाव पाडतो, नाहीतर उठून चालू लागतो. पत्रा कोरा असेल तर मी पाणी मागत नाही. सोलापुरात इतक्या गाड्या बघितल्या, पण एकाही शोरूमवाल्याला ही गोष्ट अजून उमगलेली नाही, याचा मला गर्व होता.

या गुन्ह्यातील फिर्यादी श्री. वेणीमाधव करकंबकर हे कर सल्लागार आहेत. माझ्या पेन्शनचे कागद दोन वर्षे अडकले होते, ते त्यांनी एक रुपया न घेता सोडवून दिले. जानेवारी महिन्यात त्यांचा फोन आला. त्यांच्या आई यशोदाबाई, वय ७३, यांचे गुडघे गेलेले आहेत. छोट्या गाडीत त्यांना वाकून शिरता येत नाही. त्यांच्यासाठी उंच व ऐसपैस गाडी घ्यायची होती. नवी परवडत नव्हती, म्हणून शोरूमने तपासून प्रमाणपत्र दिलेली जुनी घेण्याचे त्यांनी ठरवले होते. ते म्हणाले, "तळभंडारे, प्रमाणपत्र राहू द्या बाजूला. तुम्ही हो म्हणालात तरच घेईन."

दिनांक ११/०१/२०२५ रोजी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही होटगी रस्त्यावरच्या शोरूममध्ये गेलो. हे शोरूम यातील आरोपी शरणबसव बिराजदार यांचे आहे. शोरूमच्या मागे त्यांचेच वर्कशॉप आहे. माझा मुलगा दिपक २०२२ सालापासून आजारी पडेपर्यंत त्या वर्कशॉपमध्ये पत्राकाम करत होता. ही गोष्ट मी करकंबकर साहेबांना सांगितली नाही. का सांगितली नाही, असे मॅडमनी विचारले. सांगितली असती तर त्यांनी दुसरा माणूस बघितला असता, आणि मला तिथे जायचे होते.

दिपक मला दोन वर्षे तिथे बोलावत होता. "आबा, एकदा येऊन बघा की काम. लई भारी गाड्या येत्यात." मी गेलो नाही. दहा वर्षे बसचा पत्रा ठोकल्याशिवाय माणसाने भारी गाडीला हात लावू नये, असे माझे मत होते, आणि ते मी त्याला चारचौघांत ऐकवले होते. तो डावखुरा होता. मी त्याच्या डाव्या हातातून हातोडी काढून उजव्या हातात द्यायचो व म्हणायचो, "हात हाय का पाय?" त्याने बंद केलेले काम मी पुन्हा उघडून बघायचो. बहुतेक वेळा आत काही चूक नसायची. तरी एकदाही चांगले म्हणालो नाही. पोराला चांगले म्हटले की तो बिघडतो, असे मला वाटत होते.

शोरूममध्ये आम्हाला पांढऱ्या रंगाची, २०२० सालची परदेशी बनावटीची उंच गाडी दाखवण्यात आली. दाखवणाऱ्या माणसाचे नाव अनीश. त्याने अडतीस लाख पन्नास हजार सांगितले. करकंबकर साहेब पस्तीस म्हणाले.

अनीश म्हणाला, "साहेब, सर्टिफाईड गाडी हाय. एकशेसाठ गोष्टी तपासल्यात. ह्यात घासाघीस नसती."

साहेब म्हणाले, "अहो, माझा धंदाच कागदांचा आहे. प्रमाणपत्रं मी रोज बघतो, कशी होतात तेही बघतो. पस्तीस."

"पस्तीसला ह्या गाडीचा फोटो येतो, साहेब."

"मग फोटोवर सही करून द्या." असे म्हणून साहेब हसले व खुर्चीत रेलून बसले. भाव करताना त्यांना मजा येते. ते मला म्हणाले, "तळभंडारे, बघून घ्या तुम्ही. मला काही घाई नाही."

मी पुढून सुरुवात केली. बॉनेट कोरे होते. उजवी बाजू कोरी होती. डाव्या बाजूला बोटांना काही लागले नाही. मग मी डावीकडचे मागचे दार उघडून दोन दारांमधल्या खांबावरचे रबर उचलले. तिथे सांध्यावर सीलर लावलेला असतो, पाणी आत जाऊ नये म्हणून. कंपनीतून येतो तो यंत्राने ओढलेला असतो. हा बोटाने ओढलेला होता. इतका सरळ की शंभरात नव्याण्णव माणसे फसली असती. खालच्या टोकाला नखाने चिमटा काढून शेवट केला होता. तो चिमटा मी शिकवलेला आहे. मी काढतो तो उजवीकडे वळतो. हा डावीकडे वळलेला होता.

माझा मुलगा जाऊन साडेचार महिने झाले होते. घरात त्याचे कपडे होते, पाकीट होते, फोन होता. पण त्याच्या बोटाने केलेली खूण मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. मी तिथेच फरशीवर बसलो.

अनीश धावत आला. "काका, चक्कर आली का? पाणी देऊ का?"

करकंबकर साहेब खुर्चीतून पुढे झाले व माझ्याकडे बघू लागले. माझा घसा कोरडा पडला होता. मी म्हणालो, "नको."

अनीशने विचारले, "काय सापडलं का, काका?"

मी म्हणालो, "काय न्हाय. एक नंबर काम हाय." पत्रा एक नंबर आहे, असे म्हणायला हवे होते. साहेबांना त्यात काही खटकले नाही. ते परत अनीशकडे वळले.

माझे म्हणणे असे की, खांब उघडून परत बंद केलेला आहे, हे मला त्याच वेळी कळले होते. पाणी मागणे हे माझे काम होते. मी मागितले नाही. मागितले असते तर दिपकचे काम म्हणजे गाडीचा दोष ठरला असता. त्यावरून दोन-तीन लाख पाडा, असे साहेब म्हणाले असते, आणि मी तिथे उभा राहून मान हलवली असती. जिवंतपणी मी त्याचे काम चारचौघांत पाडले होते. मेल्यावर पुन्हा पाडवले नाही. शिवाय दिपकने बंद केले आहे म्हणजे आत ठीकच असणार, असे मी धरून चाललो. आयुष्यात पहिल्यांदा त्याचे काम न उघडता मान्य केले.

मॅडमनी विचारल्यावरून सांगतो की, आत काय आहे हे मला बघता आले असते. आमच्या कार्यशाळेत एक दंडक होता. कोणताही पत्रा बंद करण्याआधी आतल्या बाजूला खडूच्या पेन्सिलीने लिहायचे. काय सापडले, काय केले, काय राहिले, नाव, तारीख. पाच वर्षांनी दुसरा कोणी उघडेल, त्या पुढच्या हाताला खरे कळले पाहिजे, असे आमचे जुने मुकादम म्हणायचे. मी ते दिपकला दहाव्या वर्षापासून घोकायला लावले होते. त्या खांबावर आतून प्लॅस्टिकचे आवरण असते. ते दोन मिनिटांत निघते. ते काढले असते तर दिपकचे अक्षर दिसले असते. सीलर बघूनच मी खाली बसलो होतो. अक्षर बघायची माझी हिंमत झाली नाही.

सौदा सदतीस लाख चाळीस हजारांना झाला. बाहेर आल्यावर साहेबांनी मला पेढा दिला. पुढच्या आठवड्यात ते गाडी घेऊन आमच्या गल्लीत आले. यशोदाबाई मागे डाव्या बाजूला बसल्या होत्या. काच खाली करून म्हणाल्या, "धर्मपाल, पाय सरळ होतात हो यात." केसरबाई त्यांच्यासाठी चहा घेऊन गाडीपर्यंत गेली. मी खांबाकडे बघत होतो.

दिनांक ०९/०३/२०२५ रोजी सकाळी सव्वाअकरा वाजता तिऱ्हे गावाजवळ कडब्याने भरलेला टेम्पो आडव्या रस्त्याने आला व गाडीला डाव्या बाजूने लागला. टेम्पोला फार वेग नव्हता, असे बघणारे सांगतात. करकंबकर साहेबांना खरचटलेसुद्धा नाही. दोन दारांमधला खांब आत वाकला. यशोदाबाईंचे कमरेचे हाड व मांडीचे हाड मोडले. त्या आता चालू शकणार नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

दिनांक १२/०३/२०२५ रोजी मी त्यांना बघायला दवाखान्यात गेलो. त्यांनी माझा हात धरला व म्हणाल्या, "तुम्ही पारखून दिलेली गाडी म्हणून वाचले हो. दुसरी असती तर मी कसली राहते." मुलगा गेल्यावर तुम्ही किती खंगलात, असेही म्हणाल्या. सुनेला सांगून त्यांनी मला मोसंबी सोलून द्यायला लावली. मी ती खाल्ली व घरी आलो. खांब उघडलेला होता, हे त्या दिवशी मी त्यांना सांगितले नाही. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पुढे गाडीची तपासणी झाली. खांबाच्या आतली जाड पट्टी कापून नुसती वेल्डिंगच्या टाक्यांवर जोडलेली निघाली. शरणबसव बिराजदार यांनी असे सांगितल्याचे मला कळले की, हे काम दिपक तळभंडारे याने परस्पर केले, आम्हाला अंधारात ठेवले, व तो आता हयात नाही. ते ऐकून मी दोन दिवस जेवलो नाही. खरे सांगतो, दुसऱ्या दिवशी मलाही तसेच वाटू लागले होते. पट्टी कच्ची जोडून वरून सुंदर सीलर ओढणारा मुलगा मी घडवला, असे मनात आले. केसरबाईला तसे बोलून दाखवले. ती म्हणाली, "त्यानं कदी लबाडी केली का? तुमी तर मेल्यावर बी त्याला सोडीना झालाय."

काल दिनांक २३/०३/२०२५ रोजी करकंबकर साहेबांनी मला घरी येऊन तपासणीतले फोटो दाखवले. तोच फोटो आज मॅडमनी मला दाखवला. प्लॅस्टिकचे आवरण काढल्यावर खांबाच्या आतल्या बाजूला पिवळ्या पेन्सिलीने लिहिलेले आहे, ते असे: 'आतली पट्टी कापलेली आली. नवी टाकायला पाहिजे, दोनदा सांगितले. मालक नको म्हणाले. जोड कच्चा आहे. उघडणाऱ्याने बदलावी. दिपक ध. तळभंडारे, १९/६/२४.' हे अक्षर माझ्या मुलाचे आहे. मी ते ओळखतो.

अक्षर ताडून बघण्यासाठी मी माझ्या स्कूटरचे बाजूचे झाकण काढून आणले आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला पोचा आला होता. कोणीतरी मागून ठोकले, असे मी घरात सांगितले होते. दिपकने तो पोचा काढून दिला. झाकणाच्या आत त्याने लिहिले आहे: 'आबांनी गेटला ठोकली. काढली. दिपक.' हे मला कालच, झाकण काढताना कळले. झाकण पंचनामा करून ठेवून घेतले आहे. काम झाल्यावर ते मला परत मिळावे, स्कूटर चालवायची म्हणून नव्हे.

तरी माझे म्हणणे असे की, पट्टी कच्ची असल्याचे शरणबसव बिराजदार यांना माहीत होते, कारण दिपकने त्यांना सांगितले होते. करकंबकर साहेबांना काही माहीत नव्हते. मला माहीत करून घेता आले असते. माझ्या मुलाने आत खरे लिहून ठेवले होते आणि मी बाहेर खोटे बोललो. माझ्यावर जी कारवाई होईल तिला माझी तक्रार नाही. यशोदाबाईंना हे मी स्वतः जाऊन सांगणार आहे. त्याआधी कोणी सांगू नये, एवढी विनंती आहे.

हा जबाब मॅडमनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे. एक दुरुस्ती मी आपण होऊन करायला लावली. दिपकच्या नावाआधी 'मयत' हा शब्द माझ्या विनंतीवरून सुरुवातीला गाळला होता. हा कागद पुढे दुसरे कोणी उघडेल, त्या हाताला खरे कळले पाहिजे. म्हणून तो शब्द आता सहीखाली लिहून घेतला. बाकी सर्व बरोबर आहे.

(सही)
धर्मपाल रेवण तळभंडारे
मयत दिपक याचे वडील