आपले चार

दाखल्याच्या रांगेत निवृत्त मास्तरांच्या पुढे पाहणी खात्यातली एक बाई आणि तिचा दीर उभे होते.

"वहिनी, परदेशी तज्ज्ञांनी आपल्या सरकारी कारभाराला दहापैकी सहा गुण दिले होते ना?"

"हॉटेलात बसून! यंदा प्रश्न आमच्या खात्याने काढले, घरोघरी जाऊन विचारले."

"मग किती पडले?"

"चार!"

"आणि तुम्ही नाचताय?"

"साहेब अहवालावर सहीच करेनात. म्हणाले, आधी सहा करा. मी म्हटलं, मग सहीही परदेशातूनच आणते."

"अहो, नोकरी जाईल!"

"थांबा, त्यांचाच फोन... काय? केलीत सही? चारावरच? भाऊजी, उद्या छापायला जातोय!"

मास्तरांनी जन्मभर मुलं नापास केली होती, पण इतक्या खुशीत नापास होणारं कोणी त्यांनी पाहिलं नव्हतं.

"बाई, पेपर तपासला कोणी?"

"आपणच, आजोबा!"