काळ्या बिअरचा रस्सा

"रश्श्याला बिअर आहे घरात, तू मांस तेवढं आण," म्हणून नुकतीच दारू सोडलेल्या नवऱ्याने पिटाळलं, तेव्हा ऊना आयर्लंडमधल्या गॉलवेच्या थंडीत खाटकाच्या रांगेत कुडकुडत उभी राहिली. पुढे ब्रीज आणि नोरीन बोलत होत्या.

"नोरीन, तुझ्या नवऱ्याने, फिन्टननेही दारू सोडली म्हणे?"

"पाद्रीबाबांसमोर शपथ घेतलीय. छातीवर शपथेची पिन मिरवतो. आता रोज बीफचा रस्सा तोच करतो."

"काळी बिअर घालून?"

"चार बाटल्या!"

"अगं बाई! आणि पिन?"

"ढवळताना काढून ठेवतो. वाफेने काळी पडते म्हणे."

"आणि रस्सा? तो होतो का काळा?"

"छे गं, पांढराफटक!"

ऊना मांस न घेताच तडक घरी निघाली.